जोड दिसू नये म्हणून: थ्रीडीतल्या मऊ आकारांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे प्रश्न वाचले तर जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी येऊन अडतात, दोन आकार एकमेकांत विरघळल्यासारखे जोडायचेत आणि जोड दिसतोय. कुणी ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरतंय, कुणी शेडरमध्ये, म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, कोड लिहितंय, कुणी प्रॉडक्ट डिझाइन करतंय, पण दुखणं तेच. आणि बहुतेकांनी उपाय म्हणून पहिल्यांदा एकच गोष्ट केलीये, पॉलिगॉन, म्हणजे पृष्ठभाग ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी बनतो ते, वाढवले. म्हणून उत्तरांच्या आधीच सांगून टाकते, गुळगुळीतपणा पॉलिगॉनच्या संख्येत नसतो, पृष्ठभागाचं वळण एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जाताना किती सावकाश बदलतं त्यात असतो. हे एकदा नजरेत बसलं की सॉफ्टवेअर कुठलंही असो, चूक कुठे आहे ते दिसायला लागतं.

ताई, मी ब्लेंडरमध्ये मेटाबॉल वापरून एक गुबगुबीत प्राणी करतेय. गोळे थोडे लांब असताना काहीच होत नाही आणि जवळ आणले की एकदम चिकटतात, आणि नको तिथेही चिकटतात, म्हणजे हात पोटाजवळ आणला की हात पोटातच विरघळतो. शिवाय एका गोळ्याचं रेझोल्युशन बदललं तर काहीच फरक नाही, दुसऱ्याचं बदललं तर सगळेच बदलतात. हा बग आहे का?
— ॲनिमेशन शिकणारी एक वाचक

बग नाहीये, मेटाबॉल असेच चालतात, फक्त ते आतून काय करतात हे कुणी नीट सांगत नाही म्हणून ते लहरी वाटतात.

मेटाबॉल म्हणजे खरं तर गोळा नाहीच. तो एक बिंदू आहे आणि त्याच्या भोवती पसरलेला प्रभाव आहे, मध्यभागी जास्त आणि लांब जाऊ तसा कमी कमी. अंधाऱ्या खोलीत दोन दिवे ठेवलेत असं समज, प्रत्येक जागी दोघांच्या उजेडाची बेरीज होते, आणि आपण ठरवलं की उजेड बरोबर अमुक इतका आहे अशा सगळ्या जागा जोडून एक पृष्ठभाग काढायचा. दिवे लांब असतील तर दोन वेगळे गोळे निघतात, जवळ आणले तर मधल्या जागेत दोघांचा थोडा थोडा उजेड मिळून तो आकडा गाठला जातो आणि तिथे पूल तयार होतो. हा जो 'अमुक इतका' आकडा, तोच ब्लेंडरमधला थ्रेशोल्ड. स्टिफनेस म्हणजे त्या त्या गोळ्याचा जोर किती. आणि रेडियस म्हणजे तुला दिसतो तो गोळा नव्हे, प्रभाव जिथे संपून शून्य होतो ती हद्द. सुरुवातीच्या सेटिंगला दिसणारा गोळा त्या हद्दीच्या निम्म्याहून जरासाच मोठा असतो. म्हणून चिकटणं अचानक वाटतं, हद्दी कधीच्या एकमेकींत शिरलेल्या असतात पण बेरीज थ्रेशोल्डला पोचेपर्यंत डोळ्याला फारसं काही दिसत नाही. नीट बघितलंस तर पूल व्हायच्या आधी दोन्ही गोळे एकमेकांकडे किंचित टोकदार होतात, ते दिसायला लागलं की अंतराचा अंदाज यायला लागतो.

ही कल्पना जिम ब्लिन यांची, १९८२ ची. त्यांना रेणू दाखवायचे होते, अणूंभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग एकमेकांत मिसळलेला दिसायला हवा होता, प्राणी बिणी करायचे नव्हते. त्यांनी प्रभावासाठी जे फंक्शन घेतलं ते लांब जाताना कमी होत जातं पण कधीच पूर्ण शून्य होत नाही, म्हणजे प्रत्येक अणूचा हिशेब प्रत्येक जागी करायचा, आणि त्या काळच्या मशीनवर हे फार जड जायचं. मग १९८५ च्या सुमाराला जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या गटाने मेटाबॉल आणले आणि १९८६ मध्ये वायविल बंधू आणि मॅकफीटर्स यांनी सॉफ्ट ऑब्जेक्ट्स, आणि या दोन्हींत प्रभाव ठराविक अंतरावर खरोखर शून्य होतो. मला ही छोटी दुरुस्ती फार महत्त्वाची वाटते, कारण तेव्हापासून लांबच्या गोळ्याकडे दुर्लक्ष करणं शक्य झालं, आणि आज तू माउसने गोळा ओढतेस आणि आकार लगेच बदलतो तो याच्याच जोरावर.

आता नको तिथे चिकटण्याबद्दल. ब्लेंडर कुणी कुणाशी मिसळायचं हे नावावरून ठरवतं. ऑब्जेक्टच्या नावातला टिंबाच्या आधीचा भाग सारखा असेल तर ते एका कुटुंबातले, त्यांचे प्रभाव एकत्र बेरजेत धरले जातात. डुप्लिकेट केलं की नाव तेच राहतं आणि पुढे फक्त नंबर लागतो, म्हणून सगळे आपोआप एका घरातले होतात. हाताच्या गोळ्यांना वेगळं नाव दे, हात पोटाला टेकेल पण मिसळणार नाही. पण मग खांद्यालाही मिसळणार नाही, ही पंचाईत आहेच, आणि मेटाबॉलची ही जुनी मर्यादा आहे, खांद्याला मिसळ आणि कोपराला मिसळू नको असं त्याला सांगता येत नाही. त्यामुळे प्राणी हात पसरलेल्या पोझमध्ये कर, मेशमध्ये, म्हणजे साध्या पॉलिगॉनच्या जाळीत, कन्व्हर्ट कर, आणि पोझ नंतर हाडं घालून दे. रेझोल्युशनचंही उत्तर याच कुटुंबात आहे. ज्याच्या नावामागे नंबर नाही तो मूळ गोळा, त्याचंच रेझोल्युशन आणि थ्रेशोल्ड सगळ्या घराला लागू होतं. आणि लक्षात ठेव, इथे रेझोल्युशनचा आकडा म्हणजे जाळीच्या एका खणाचा आकार आहे, आकडा कमी केला की जाळी बारीक होते. निम्मा केलास तर पॉलिगॉन साधारण चौपट होतात, म्हणून काम करताना व्ह्यूपोर्टचा आकडा मोठाच राहू दे.

अजून एक, हे तू विचारलं नाहीस पण पुढे अडणारच आहेस. सांध्यावर तीन-चार गोळे एकावर एक आले की तिथे बेरीज वाढते आणि गाठ आल्यासारखं फुगतं. तिथे गोळे छोटे करण्यापेक्षा स्टिफनेस कमी करून बघ, किंवा दोन गोळ्यांच्या जागी एक कॅप्सूल वापर. डोळ्यांच्या खोबणीसाठी निगेटिव्ह गोळा आहे, तो बेरजेतून वजा होतो आणि खड्ड्याच्या कडाही मऊ येतात, हे मला मेटाबॉलमधलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

मी डोकं वेगळं आणि शिंगं वेगळी केली, बुलियन युनियनने जोडली, पण जोडाची रेष धारदार दिसते. बेव्हल लावला तर एकतर काहीच होत नाही नाहीतर मेश फाटतो. शिंग डोक्यातूनच उगवल्यासारखं कसं दिसेल?
— हौस म्हणून कॅरेक्टर करणारा वाचक

बुलियन तुमच्यासाठी फक्त कापतो आणि शिवतो, दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे जो कोन असेल तो तसाच राहतो. आणि शिवणीवर चार-पाच कोनांचे वाकडेतिकडे फेस (म्हणजे मेशचे सपाट तुकडे), त्यांच्यामध्ये अगदी बारीक एज (म्हणजे त्या तुकड्यांच्या कडा) अशी गर्दी होते. बेव्हल म्हणजे धार तासून तिचा पट्टा करणं, त्याला रुंद व्हायला जागा लागते, क्लॅम्प ओव्हरलॅप चालू असेल तर सगळ्यात छोट्या एजपाशी तो थांबतो, म्हणून काहीच झालं नाही असं वाटतं, आणि क्लॅम्प बंद केलात तर फेस एकमेकांवर चढतात, तेच तुम्हाला फाटल्यासारखं दिसतंय.

इथे मी सरळ व्हॉक्सेल रीमेश सांगेन. ते काय करतं तर तुमच्या आकाराचं आधी बारीक ठोकळ्यांच्या जाळीत रूपांतर करतं आणि मग त्यावर सगळीकडे सारख्या मापाची नवी कातडी चढवतं, त्यामुळे शिवण, आतले लपलेले फेस, बारीक एज सगळं पुसलं जातं. मग स्कल्प्ट मोडमध्ये स्मूथ ब्रशने फक्त जोडाच्या पट्ट्यावर हात फिरवायचा. दोनच गोष्टी सांभाळा. रीमेशच्या आधी कंट्रोल ए करून स्केल अप्लाय करा, नाहीतर व्हॉक्सेलचं माप ऑब्जेक्टच्या ताणलेल्या मापात धरलं जातं आणि तुम्ही टाकलेल्या आकड्याला अर्थच राहत नाही. आणि व्हॉक्सेलपेक्षा बारीक जे काही आहे ते जाणार, म्हणून त्वचेच्या सुरकुत्या, शिंगावरच्या रेघा हे सगळं नंतर. मोठे आकार आधी, जोड मग, बारकावे शेवटी, हा क्रम मोडला की दोनदा काम करावं लागतं.

स्मूथ ब्रश जास्त फिरवलात की शिंगाचं बूड बारीक होत जाईल, ते तुमच्या हाताची चूक म्हणून नाही तर साधं स्मूथिंग तसंच असतं, प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकतो आणि बाहेर फुगलेल्या आकारात शेजारी आतल्या बाजूला असतात म्हणून सगळंच आत ओढलं जातं. १९९५ मध्ये गॅब्रिएल टॉबिन यांनी यावर छान तोड काढली, एक पाऊल आकुंचनाचं आणि लगेच एक पाऊल किंचित जास्त जोराने उलट फुगवण्याचं, असं आलटून पालटून केलं की खडबडीतपणा जातो आणि घेर जवळजवळ टिकतो. ब्लेंडरमध्ये लाप्लासियन स्मूथ मॉडिफायरला व्हॉल्यूम जपायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. व्हर्टेक्स (म्हणजे जिथे एज एकमेकींना मिळतात तो बिंदू) ग्रुप करून फक्त जोडाच्या पट्ट्यालाच लावता येतो, आणि ग्रुपचं वजन कडेला शून्याकडे उतरतं ठेवलंत तर जिथे स्मूथिंग संपतं तिथेही रेष येत नाही.

आणि हे कॅरेक्टर हलणार असेल तर रीमेशवर थांबू नका. तेव्हा शिंगाच्या बुडाच्या लूपमध्ये जितके व्हर्टेक्स, तितकेच डोक्यात भोक पाडून त्या लूपमध्ये ठेवा, समजा आठाला आठ, आणि ब्रिज एज लूप्सने जोडा, मधे दोन-तीन कट देऊन. हे सावकाश काम आहे पण एजची दिशा डोक्यावरून शिंगावर वाहत जाते, आणि डोळ्याला जे 'उगवलंय' असं वाटतं त्याचा मोठा भाग या वाहण्यात असतो.

सबडिव्हिजन चार लेव्हलपर्यंत नेली तरी गालावर एक चिमटा काढल्यासारखी जागा दिसतेच. लॅपटॉप पार अडखळतोय पण चिमटा जात नाही. अजून वाढवू का?
— गेमसाठी मॉडेल करणारी वाचक

नका वाढवू, उलट कमी करा!

सबडिव्हिजनच्या प्रत्येक लेव्हलला एका फेसचे चार होतात आणि आकार मऊ होत जातो. तुमचा मूळ पिंजरा, म्हणजे सबडिव्हिजनच्या आधीचा साधा मेश, ५०० फेसचा असेल तर चौथ्या लेव्हलला १,२८,००० झाले. लॅपटॉप अडखळणारच. पण चिमटा का जात नाही हे समजून घ्या, कारण ते समजलं की आयुष्यभर उपयोगी पडतं. आपण वापरतो ती पद्धत एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांची, १९७८ ची. ज्या व्हर्टेक्सला बरोबर चार एज येऊन मिळतात त्याच्या आसपास ही पद्धत शेवटी अगदी सुरळीत पृष्ठभाग देते, वळणसुद्धा अखंड. पण जिथे तीन, पाच किंवा सहा एज मिळतात, ज्याला आपण पोल म्हणतो, तिथे फक्त उताराची दिशा जुळते, वळण जुळेलच याची खात्री नसते. तुम्ही लेव्हल वाढवता तेव्हा तुम्ही त्या एका ठरलेल्या अंतिम पृष्ठभागाच्या जवळ जाता, इतकंच. तो पृष्ठभागच तिथे चिमटलेला असेल तर चौथी काय आणि आठवी लेव्हल काय, चिमटा फक्त जास्त स्वच्छ दिसेल.

म्हणजे उपाय पिंजऱ्यात आहे. आधी पोल कुठे आहे ते शोधा, बहुतेक गालाच्या सगळ्यात फुगीर आणि चकाकणाऱ्या जागीच असेल. पोल टाळता येत नाहीत, डोक्यासारख्या बंद आकाराला ते लागतातच, नुसत्या क्वाडच्या, म्हणजे चौकोनी फेसच्या, ठोकळ्यालासुद्धा आठ कोपऱ्यांवर तीन एजचे आठ पोल असतात. पण ते कुठे बसवायचे हे आपल्या हातात आहे. जिथे पृष्ठभाग सपाटीकडे झुकतो तिथे न्या, कानामागे, जबड्याखाली, केसांच्या रेषेत. मग आजूबाजूचे फेस मापाने सारखे करा, एका बाजूला लांबट आणि दुसऱ्या बाजूला चिंचोळे फेस असले की बिनपोलच्या जागीही खड्डा दिसतो. आणि गालासारख्या मोठ्या मऊ भागात जितके कमी व्हर्टेक्स ठेवाल तितकं चांगलं, कारण तिथला प्रत्येक जास्तीचा व्हर्टेक्स हातानं बरोबर जागी बसवावा लागतो आणि एक जरी मिलिमीटरभर इकडेतिकडे झाला तरी चकाकीत लाट येते. बारा व्हर्टेक्सचा गाल नीट करणं चाळीस व्हर्टेक्सच्या गालापेक्षा कितीतरी सोपं.

तपासायचं कसं, तर साध्या करड्या मटेरियलमध्ये नाही. चकचकीत मॅटकॅप (उजेड आणि चकाकी आधीच रंगवलेलं तपासणीचं मटेरियल) लावा, शक्यतो पट्टे असलेला, आणि मॉडेल हळूहळू फिरवा. पट्टा गालावरून सरकताना कुठे थबकतोय, कुठे मुडपतोय ते बघा. तिथेच दुरुस्ती हवी.

सबडिव्हिजनबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. १९७८ ची पद्धत, पण संपूर्ण माणसाचं कॅरेक्टर यावर उभं करून पिक्सारने दाखवलं ते १९९७ च्या 'गेरीज गेम' या लघुपटात. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. तोपर्यंत चेहरे नर्ब्जच्या, म्हणजे गणिती वक्र पृष्ठभागांच्या, चौकोनी तुकड्यांनी शिवायचे आणि चेहरा हलला की तुकड्यांमधली शिवण उघडी पडायची भीती. गेरी बुद्धिबळ खेळताना चेहऱ्याच्या इतक्या हालचाली करतो, आणि कुठेही शिवण नाही, कारण शिवायला तुकडेच नाहीत, एकच सलग पिंजरा आहे.

ताई, मी शेडरमध्ये एसडीएफ वापरून आकार करतो, स्मूथ मिन लावून गोळे मिसळतो. दोन आकार छान मिसळतात पण तीन घेतले आणि क्रम बदलला की आकार बदलतो. नेटवरच्या दोन कोडमध्ये मिसळण्याचा आकडा सारखा ठेवला तरी निकाल वेगळा येतो. आणि अधूनमधून जोडाजवळ भोकं पडतात. नक्की चुकतंय काय?
— प्रोग्रॅमर वाचक

तीन प्रश्न, तिन्ही चांगले, एकेक घेऊया.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. एसडीएफमध्ये आकार मेशने नाही, एका फंक्शनने सांगतात, कुठलाही बिंदू द्या, ते फंक्शन पृष्ठभाग किती लांब आहे ते सांगतं, आत असाल तर उणे. दोन आकार एकत्र करायचे म्हणजे दोन अंतरांतलं कमी असेल ते घ्यायचं. पण त्याने जोड धारदार येतो. म्हणून कमी असलेलं घ्यायचं आणि दोन्ही अंतरं जवळपास सारखी असतील तिथे अजून थोडं वजा करायचं. हेच स्मूथ मिन. याची सगळ्यात वापरली जाणारी बहुपदी रूपं इनिगो किलेझ यांनी लोकांपर्यंत पोचवली, आणि त्यांनी पोल जेरेमियाससोबत २०१३ मध्ये सुरू केलेल्या शेडरटॉयवर याची असंख्य उदाहरणं बघायला मिळतात.

आता हिशेब. मिसळण्याचा आकडा के धरा. दोन अंतरांमधला फरक के पेक्षा जास्त असेल तर साधं किमान. कमी असेल तर के मधून तो फरक वजा करून त्याला के ने भागा, हा झाला एच. मग किमान अंतरातून एचचा वर्ग गुणिले के भागिले चार इतकं वजा करा. दोन्ही अंतरं अगदी सारखी असतील तिथे एच एक होतो, म्हणजे जास्तीत जास्त भर के च्या चौथ्या हिश्शाइतकी. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, काही कोडमध्ये के आत शिरल्या शिरल्या चारने गुणलेला असतो, म्हणजे मग भर थेट के इतकी होते. दोन्ही बरोबर आहेत, फक्त आकड्याचा अर्थ वेगळा. कोड उचलताना पहिली ओळ वाचा.

क्रमाचं बघा. के एक घ्या, आणि तीन अंतरं शून्य, शून्य आणि अर्धा. आधी दोन शून्य मिसळले तर उणे ०.२५, त्यात अर्धा मिसळला तर साधारण उणे ०.२६६. उलट, आधी एक शून्य आणि अर्धा मिसळला तर उणे ०.०६२५, त्यात दुसरं शून्य मिसळलं तर साधारण उणे ०.२८२. तेच तीन आकार, वेगळा निकाल. म्हणजे तुमचं काही चुकत नाहीये, या बहुपदी सूत्राचा हा स्वभावच आहे. क्रमाने फरक पडायला नको असेल तर घातांकी रूप वापरा, प्रत्येक अंतराचा उणे घातांक घ्यायचा, सगळ्यांची एकदम बेरीज करायची आणि शेवटी एकदाच लॉगॅरिदम घेऊन उणे करायचं, बेरजेला क्रम नसतो. पण मग प्रत्येक आकाराचा प्रभाव सगळीकडे थोडा थोडा उरतो, ब्लिन यांच्या फंक्शनसारखाच, आणि लांबचे आकारही जरासे सुजतात. माझं मत विचाराल तर हलणारे पुष्कळ गोळे असतील तर घातांकी, आणि कॅरेक्टरसारखं ठरवून केलेलं काम असेल तर बहुपदी, आणि क्रम आपणच पक्का करायचा, आधी धड आणि मान, मग डोकं, मग हात, प्रत्येक जोडाला स्वतःचा के. मानेचा के मोठा, बोटांचा अगदी छोटा. एकच के सगळीकडे लावला की सगळं मेणासारखं दिसतं, आणि मला वाटतं की एसडीएफचे बहुतेक आकार एकाच साच्यातले का दिसतात त्याचं कारण हेच आहे.

भोकांसाठी स्मूथ मिनला दोष देऊ नका. शेडर प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडतो आणि फंक्शन सांगेल तेवढ्या अंतराचं पाऊल टाकत तो पृष्ठभागापर्यंत नेतो. दोन्ही मूळ अंतरं बरोबर असतील तर मिसळलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमीच सांगतं, त्यामुळे किरण पृष्ठभाग ओलांडून जात नाही, फक्त पावलं लहान पडतात. लहान पावलांमुळे तुमची पावलांची मर्यादा संपते आणि किरण पोचायच्या आधीच थांबतो, ते एक कारण. मर्यादा वाढवून बघा. भोक बुजलं तर हेच होतं. नाही बुजलं तर एखादा आकार तुम्ही एका दिशेने ताणला असेल किंवा पिळला असेल, तिथे अंतर खोटं होतं आणि किरण उडी मारून पलीकडे जातो. ताणलेल्या आकाराचं अंतर सगळ्यात छोट्या स्केलने गुणा, पिळलेल्याला एकाहून कमी आकड्याने गुणून सावध करा.

याचा मेश हवा असेल तर मार्चिंग क्यूब्स, १९८७ ची लॉरेन्सन आणि क्लाइन यांची पद्धत, स्कॅनमधून हाडं आणि अवयव दाखवायला काढलेली. ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांपैकी कुठले आत, कुठले बाहेर, याचे २५६ प्रकार, आणि सारखेपणा लक्षात घेऊन त्यांनी ते १५ वर आणले. मऊ आकाराला ती उत्तम, धारदार कडा मात्र बोथट करते, कडाही हव्या असतील तर ड्युअल कंटूरिंग बघा.

मी प्रॉडक्ट डिझाइनला आहे. दोन पृष्ठभागांमध्ये फिलेट दिलं, कोपरा गोल झाला, पण रेंडरमध्ये चकाकी फिलेटच्या कडेला तुटल्यासारखी दिसते. टॉलरन्स कमी करून पण काही फरक नाही.
— एक वाचक

टॉलरन्सचा संबंध नाही. साधं फिलेट म्हणजे वर्तुळाचा तुकडा. सपाट पृष्ठभागाचं वळण शून्य, आणि १० मिलिमीटर त्रिज्येच्या फिलेटचं वळण ०.१ प्रति मिलिमीटर, आणि या दोन्हीत अधेमधे काही नाही, कडेवर एकदम उडी. दिशा जुळलेली आहे म्हणून हाताला लागत नाही, पण प्रतिबिंब वळणावर चालतं म्हणून डोळ्याला लगेच खुपतं. या भाषेत नुसतं टेकणं म्हणजे जी झिरो, दिशा जुळणं जी वन, वळण जुळणं जी टू. झेब्रा ॲनालिसिस, म्हणजे पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब दाखवणारी तपासणी, लावा. जी झिरोला पट्टे कडेवर तुटून बाजूला सरकलेले दिसतात, जी वनला एकमेकांना भेटतात पण तिथे कोपरा करतात, जी टूला वाहत जातात. तुम्हाला भेटून कोपरा करणारे दिसतील. तेव्हा फिलेटऐवजी ब्लेंड सर्फेस घ्या आणि दोन्ही कडांना कर्व्हेचर कंटिन्युइटी निवडा. याला फिलेटपेक्षा जागा जास्त लागते, वळण शून्यापासून सावकाश चढायला आणि उतरायला लांबी हवी, म्हणून कोपऱ्याची सुरुवात थोडी मागे घ्यावी लागेल. अरुंद जागेत जी टू कोंबलंत तर मधेच वळण टोकाला जाईल आणि कोपरा उलट जास्त धारदार दिसेल.

मेटाबॉल ॲनिमेट केले, द्रवासारखं छान दिसतंय, पण टेक्स्चर दर फ्रेमला सरकतं आणि मोशन ब्लर विचित्र येतो.
— एक वाचक

दर फ्रेमला पृष्ठभाग नव्याने बनतो, मागच्या फ्रेममधला कुठला व्हर्टेक्स आता कुठे गेला याची नोंदच नसते, म्हणून यूव्ही (टेक्स्चर पृष्ठभागावर कुठे बसतं त्याचे पत्ते) टिकत नाहीत आणि व्हर्टेक्सच्या सरकण्यावर चालणारा ब्लर गोंधळतो. द्रव असेल तर टेक्स्चर लावूच नका, काचेसारखं किंवा एकरंगी मटेरियल घ्या. रंग हवेच असतील तर ते मूळ बिंदूंवर ठेवा आणि पृष्ठभागावर जवळच्या बिंदूंकडून उचला, वेगही तसाच उचलता येतो आणि ब्लर सुधारतो. ब्लेंडरच्या जिऑमेट्री नोड्समध्ये पॉइंट्स टू व्हॉल्यूम आणि व्हॉल्यूम टू मेश ही जोडी मेटाबॉलपेक्षा यासाठी खूप सोयीची आहे, हजारो बिंदू झेपतात. त्यामागे ओपनव्हीडीबी हे सॉफ्टवेअर आहे, जे ड्रीमवर्क्स या ॲनिमेशन स्टुडिओने २०१२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, रिकाम्या जागेवर मेमरी न घालवता फक्त पृष्ठभागाजवळचे खण साठवतं.

झाडाची मुळं करायचीयत, एकमेकांत गुंतलेली, जाड-बारीक. सिलिंडर जोडत बसले तर जन्म जाईल असं वाटतंय. काही सोपं आहे का?
— चित्रकार वाचक, थ्रीडीत नवीन

आहे, आणि चित्रकाराच्या हाताला एकदम जमणारं आहे, कारण यात तुम्ही फक्त रेषा काढता. एका व्हर्टेक्सपासून सुरू करा, एक्स्ट्रूड करत मुळाची रेष काढा, फांदी हवी तिथून दुसरी रेष काढा, आणि स्किन मॉडिफायर लावा. प्रत्येक व्हर्टेक्सभोवती जाडी येते, ती एडिट मोडमध्ये कंट्रोल ए ने कमी-जास्त होते. वरून सबडिव्हिजन दोन लेव्हल. जिथे फांद्या फुटतात तिथे ब्रांच स्मूथिंग थोडं वाढवा, आणि बुंध्यापाशी जो व्हर्टेक्स आहे त्याला मार्क रूट करा. झीब्रशमध्ये झीस्फिअर्स याच जातीचे आहेत, तिथे गोळे ओढून साखळी करायची. फाट्याजवळ व्हर्टेक्स फार जवळजवळ ठेवू नका, जाडीपेक्षा अंतर कमी झालं की कातडी स्वतःतच दुमडते. आणि एकमेकांवरून जाणारी मुळं स्किन मॉडिफायर मिसळत नाही, ती नुसती आरपार जातात, म्हणून मॉडिफायर अप्लाय करून व्हॉक्सेल रीमेश द्या. मग जिथे दोन मुळं एकमेकांत रुतलीयत तिथे स्मूथ ब्रश हलकेच, आणि जिथे एक मूळ दुसऱ्यावरून नुसतं गेलंय तिथली खाच तशीच राहू द्या, उलट क्रीज ब्रशने जरा खोल करा. सगळेच जोड मऊ केलेत तर मुळांचा गुंता न दिसता एक सलग गोळा दिसेल.